पवईला राहिलेल्या सॅक्सोफोनवाल्यात सनई शोधावी का?

प्रश्न : मी लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. आजोबा सनई वाजवायचे. पुतण्याने मोबाइलवर सनी रोलिन्स नावाच्या अमेरिकन वादकाचं वाजवणं ऐकवलं आणि म्हणाला, हा माणूस मुंबईत पवईला आश्रमात राहून गेलाय. मला त्याच्या वाजवण्यात अधूनमधून सनईचा भास होतो. हे त्याने आपल्याकडून नेलं का? नसेल, तर तो कुणाचं ऐकून घडला?
– एक वाचक, घोडेगाव (ता. आंबेगाव)

उत्तर : पुतण्याची माहिती पक्की आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस रोलिन्स पवईच्या सांदीपनी साधनालयात, म्हणजे स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात, काही महिने राहिला होता. पण सनईचं श्रेय घ्यायची घाई नको. तो आला होता योग आणि वेदान्तासाठी, आणि आला तेव्हा चाळिशीला टेकला होता. ज्या तबकड्यांनी त्याचं नाव झालं, त्यातल्या बहुतेक दहा वर्षं आधीच निघाल्या होत्या.

तरी तुमच्या कानाला दोष देऊ नका. भास होतो त्याचं कारण नळीत आहे. सनई वरून खाली रुंदावत जाते, तसाच सॅक्सोफोनही. क्लॅरोनेटची नळी मात्र जवळपास सरळसोट. म्हणून फुंकेचा जोर बदलला की सनई आणि सॅक्सोफोन सा वरून थेट तार सा वर जातात. क्लॅरोनेट तो सा ओलांडून त्याच्या पुढच्या पंचमावर जाऊन बसतं. तुमच्या बँडमध्ये क्लॅरोनेटवाला असेल तर त्याला विचारा, तो हे बोटांनी जाणतो. सनईची जिभाळी दुहेरी आणि सॅक्सोफोनची पत्ती एकेरी, एवढा फरक सोडला तर ही दोघं चुलत भावंडं. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं ते लष्करी बँड डोळ्यांसमोर ठेवून. वरातीचा विचार त्याच्या मनात नसावा.

आता तो कुणाचं ऐकून घडला ते. रोलिन्सचा जन्म ७ सप्टेंबर १९३०चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. आई-वडील मात्र कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले. पहिली आई. त्याच्या लहानपणी ती बेटावरची एक चाल म्हणायची. तीच चाल त्याने १९५६ मध्ये ‘सेंट थॉमस’ या नावाने वाजवली. सेंट थॉमस हे आईचं बेट. पुतण्याला ती परत लावायला सांगा आणि चाल संपल्यावर तो काय करतो ते नीट ऐका. मॅक्स रोच ड्रमवर नाचरा ठेका धरून असतो आणि हा पठ्ठ्या सुरुवातीला फक्त दोन सूर घेतो. दोनच. ते आपटतो, थांबतो, पुन्हा आपटतो, जरा जागा बदलून आपटतो, जणू अंगणात एकटं पोर चेंडूचे टप्पे मोजतंय. मग हळूच तिसरा सूर आत येतो, चौथा येतो, आणि कधी ओघ सुरू झाला ते कळतही नाही. आपल्याकडे एक जागा धरून बढत करतात, त्याच्या फार जवळचं आहे हे; पण ते त्याला आपल्याकडून मिळालेलं नाही.

दुसरा माणूस लुई जॉर्डन. हा काही गंभीर कलावंत म्हणून मिरवणारा नव्हता. लोकांना नाचवणारा, हसवणारा, चटकदार गाणी म्हणणारा बँडवाला. शाळेजवळच्या एका क्लबबाहेर त्याचा सॅक्सोफोन घेतलेला झगमगीत फोटो लावलेला असे. तो पाहून आपण हेच व्हायचं असं पोराने ठरवलं. जॅझवर जाडजूड लिहिणारे जॉर्डनला दोन ओळींत आटोपतात, ते मला कधी पटलं नाही. आपल्या नारायणगाव भागातल्या माणसाला तर ते पटूच नये. तमाशातल्या विठाबाईंची लय आली कुठून, तर वडील आणि चुलत्यांच्या, भाऊ-बापूंच्या फडातून, शाळा-कॉलेजातून नव्हे.

मोठा गुरू मात्र कोलमन हॉकिन्स. ११ ऑक्टोबर १९३९ला हॉकिन्सने ‘बॉडी अँड सोल’ ध्वनिमुद्रित केलं. मूळ चाल सुरुवातीला जेमतेम दाखवली आणि पुढचं सगळं स्वतःच्या मनाने वाजवलं, तरीही ती तबकडी धडाक्यात खपली. हॉकिन्स त्याच वस्तीत राहायचा. पोरसवदा रोलिन्स फोटोवर सही घ्यायला त्याच्या दारात पायरीवर बसून राहिला होता. त्याच्याच नादाने त्याने लहान आल्टो सोडून जाड आवाजाचा टेनर हातात घेतला. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करकडून वेग आला. पियानोवादक थेलोनियस मंकच्या घरी शाळा सुटल्यावर तालमीला जाता जाता कुठे गप्प बसायचं ते समजलं. १९६३ मध्ये दोघांची, हॉकिन्सची आणि त्याची, एकत्र तबकडी निघाली. तीत शिष्य गुरूसारखं मुळीच वाजवत नाही, मुद्दाम वाकडं वाजवतो.

नाव झाल्यावर १९५९ मध्ये त्याने कार्यक्रमच बंद केले, आपलं वाजवणं आपल्यालाच पुरेसं वाटत नाही म्हणून. घर दाटीवाटीचं, शेजारी गरोदर बाई. म्हणून सॅक्सोफोन घेऊन विल्यम्सबर्ग पुलावर जायचा आणि खालून बोटी, बाजूने आगगाड्या जात असताना तासन् तास रियाज करायचा. दोनेक वर्षं हे चाललं. तुम्ही रियाजाला कुठे जाता ते कळवा. डिंभ्याच्या धरणाकडे जात असाल तर तुमची सोय त्याच्यापेक्षा बरी.

मग पवईने त्याला काय दिलं? त्यानेच पुढे मुलाखतींतून सांगितलंय. डोळे मिटून बसलं की मन ठरत नाही, ही त्याची तक्रार. त्यावर स्वामींचं उत्तर असं, की तू वाजवतोस तेच तुझं ध्यान. सूर नाही मिळाला, पण वाजवायला मोकळीक मिळाली. १९७८ला मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली, तेव्हा तो पुन्हा आला आणि त्या वेळी वाजवायलाच आला. (यात्रा म्हटलं की आपल्या भागात राहुट्या, सुपारी आणि फड आठवतात; ही त्यातली नव्हे.)

एक सांगायचं राहिलं. लहानपणी हार्लेमच्या थिएटरात पाहिलेले काउबॉयचे सिनेमे त्याच्या डोक्यातून कधी गेले नाहीत. १९५७च्या ‘वे आउट वेस्ट’ तबकडीवर त्याने ती सिनेमातली, जाणकारांनी नाक मुरडावं अशी गाणी वाजवली आणि कव्हरवर टोपी घालून वाळवंटात उभा राहिला. बाकीचे वादक दिवसभर कामात, म्हणून ध्वनिमुद्रण सुरू झालं पहाटे तीनला. रात्र जागवणाऱ्या तमाशाच्या माणसांना याचं काय नवल! पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला शेली मॅन ड्रमवर घोड्याच्या टापा काढतो. त्या तुमच्या ढोलवाल्याला ऐकवा, वरातीच्या घोड्यापुढे त्याला उपयोगी पडतील.