बदल कोणासाठी, कोणाला विचारून?

संस्थेत बदल रखडला की 'कर्मचारी विरोध करतात' असे म्हटले जाते. विरोध का होतो, हे क्वचितच विचारले जाते. येथे चिकित्सक सिद्धान्त उपयोगी पडतो. माक्स होर्कहायमर यांनी १९३७ साली त्याची मांडणी केली. पारंपरिक विचार चालू व्यवस्था गृहीत धरतो. चिकित्सक विचार ती कोणाच्या हिताची, असे विचारतो. पुढे युर्गन हाबरमास यांनी १९८१ च्या ग्रंथात सत्तेच्या वा पैशाच्या जोरावर साधलेला होकार आणि मोकळ्या चर्चेतून झालेले मतैक्य यांतील भेद दाखवला.

बँकेचेच उदाहरण घेऊ. यंत्रीकरणाबाबत १९८३ साली व्यवस्थापन व संघटनांत करार झाला. वाटाघाटी वरच्या पातळीवर झाल्या. पुढे आमच्या शाखेत कोअर बँकिंग आले, तेव्हा फक्त आदेश आला. खातेवह्या तोंडपाठ असणारे ज्येष्ठ सहकारी एका दिवसात अडाणी ठरले. त्यांना आधी विचारले असते, तर जुन्या नोंदींतील चुका त्यांनीच दाखवल्या असत्या. आम्हीही तेव्हा गप्प बसलो, याची खंत वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या मंडळातही नवा नियम करताना तीन प्रश्न विचारावेत: लाभ कोणाचा? झळ कोणाला? आणि ज्याला झळ बसणार, त्याला बोलू दिले काय?