मदत द्यावी, पण मान राखून

सातारा

चि. सौ. वसुधा,


तुमच्या शाळेतील साहित्यवाटपाचे छायाचित्र परवा एका स्नेह्याने दाखविले. व्यासपीठावर देणगीदार, शेजारी तू, आणि पुढे वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभी असलेली मुले. त्यांतील एका मुलीची नजर ना देणगीदाराकडे, ना कॅमेऱ्याकडे. ती खाली बसलेल्या आपल्या वर्गाकडे पाहत होती. ‘गरजू विद्यार्थी’ म्हणून नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली गेली, असेही कळले. ते ऐकून मनाला फार क्लेश झाले, आणि आपल्या घरच्या मुलीच्या शाळेत हे घडावे याचे अधिकच.

आमच्या वेळी नादारी, म्हणजे गरीब मुलांस फीमाफी, असे. मामलेदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणावा, अर्ज हेडमास्तरांपुढे ठेवावा, आणि तो मंजूर झाला की नाव भर वर्गात वाचले जावे, असा रिवाज होता. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची फी माफ होण्यासाठी तसाच अर्ज करावयाचा होता आणि मंजूर नावांची यादी फलकावर लागावयाची होती. म्हणून मी परीक्षेसच बसलो नाही, आणि तुझ्या आईला सांगितले की चित्रकलेचा कंटाळा आला. रंगांची ती हौस अपुरी राहिली ती राहिलीच. हा पोकळ अभिमान, असे कोणी म्हणेल. परंतु त्या वयाच्या गरीब मुलाजवळ अभिमानाखेरीज दुसरी मिळकत तरी कोणती असते?

ती मिळकत शाळेने हिरावून घेऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे. सरकारी शाळांत पूर्वी मोफत गणवेश सर्व मुलींना मिळे, पण मुलग्यांपैकी केवळ अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील मुलांना. त्यामुळे एका बाकावरच्या दोघांत कोण कोणत्या घरचा, हे नव्या कापडावरून उघड होई. २०२३-२४ पासून तो सरसकट सर्वांना लागू झाला आणि तो भेद मिटला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना निराळे बसविण्यासही मनाई आहे, ती याच जाणिवेने. आपल्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह उघडले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ म्हणत त्यांनी गरीब मुलाच्या शिक्षणास त्याच्या स्वतःच्या श्रमांचा आधार दिला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर त्या मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे सोने, अखेर मंगळसूत्रही, मोडले.

तेव्हा यापुढे असे कर. वह्या, गणवेश जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वीच पालकांच्या हाती द्यावेत, आणि ते इतरांसारखेच असावेत. त्यांवर देणगीदाराचे नाव छापू नये. यादी तू आणि कारकून यांच्यापलीकडे जाऊ नये. सहलीची वर्गणी सर्वांनी खिडकीवरच भरावी व पावती सर्वांना एकसारखी मिळावी. थकलेल्या फीची आठवण मुलाला वर्गात उभे करून कदापि देऊ नये. आभाराचे पत्र मुलाकडून लिहवून घेऊ नकोस. ते शाळेने लिहावे. देणगीदारास खर्चाचा चोख हिशेब दाखव, मुलांचे चेहरे नव्हे. पुन्हा पुन्हा तेच लिहितो आहे, कारण त्या मुलीची नजर डोळ्यांपुढून हलत नाही.

कठोर लिहिले गेले. त्या वह्यांसाठी तू किती उंबरठे झिजविलेस, छायाचित्राचा आग्रह कोणाचा असतो आणि तो मोडणे मुख्याध्यापिकेस किती जड जाते, हे मी जाणतो. वडिलांच्या मागे तू ज्या हिमतीने शिकलीस ती मी पाहिली आहे. म्हणूनच ही गोष्ट तुला समजावून सांगण्याची खरे तर गरजही नव्हती. छायाचित्रास दिलेल्या नकारापायी कोणी देणगीदार रुसलाच, तर निःसंकोच कळव. माझ्या पेन्शनीतून जमेल तेवढे दरमहा पाठवीन. मामीचेही तेच म्हणणे आहे. रात्री जागून हिशेब लिहू नकोस, डोळ्यांना जप, आणि दिवाळीत चार दिवस विश्रांतीसाठी इकडे ये. तुझी फार आठवण येते.

तुझा,
आप्पामामा