श्वासगतीचे मस्तिष्कगत नियंत्रण आणि अहिफेनयुक्त कल्प

प्राणवायूचे स्थान मूर्धा आहे, तो उर व कंठ येथे संचार करतो आणि श्वास, क्षवथु, उद्गार, अन्नप्रवेश ही त्याची कर्मे आहेत, हे वाग्भटाचे प्रतिपादन आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेले असते. फुप्फुसे उरात असताना श्वासकर्म करणाऱ्या वायूचे स्थान शिरात का सांगितले असावे, हा प्रश्न मात्र त्या वेळी फारसा पडत नाही. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाने या विषयावर जो प्रकाश टाकला आहे, त्याचा परिचय करून घेणे आणि त्यातून आपल्या नित्य चिकित्सेसाठी सावधगिरीचा एक मुद्दा मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

श्वासाची लय कोठे निर्माण होते?

हृदयाचे स्पंदन हृदयातच उत्पन्न होते. फुप्फुसांना व श्वासपटलाला मात्र स्वतःची लय नाही. इ.स. १८१२ च्या सुमारास लेगाल्वा या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञाने सशांवरील प्रयोगांतून दाखविले की, मेंदूचा वरचा भाग काढूनही श्वसन चालू राहते. परंतु लंबमज्जेच्या एका मर्यादित भागाला इजा होताच ते थांबते. त्यानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी, १९९१ मध्ये, स्मिथ, फेल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात उंदराच्या लंबमज्जेचा पातळ छेद घेऊन त्यातील लयनिर्मितीचे नेमके स्थान निश्चित केले. त्यास ‘प्रीबॉटझिंगर कॉम्प्लेक्स’ म्हणतात. येथील चेतापेशी समूहाने उद्दीपित होतात, त्यांचा संदेश मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जाखंडांतील चेतापेशींपर्यंत जातो, तेथून फ्रेनिक नाडीद्वारे श्वासपटलास पोहोचतो आणि अंतःश्वसन घडते.

रासायनिक संदेश

या पेशींचा परस्परसंवाद रासायनिक द्रव्यांनी होतो. ग्लुटामेट हे उत्तेजक, तर गाबा व ग्लायसिन ही अवसादक द्रव्ये होत. सेरोटोनिन व सबस्टन्स-पी ही द्रव्ये लय वाढवितात. २०१६ मध्ये उंदरांवरील संशोधनात असे आढळले की, दीर्घ उसासा घेण्यासाठी दोन विशिष्ट पेप्टाइडे याच केंद्रातील सुमारे दोनशे पेशींना प्रेरणा देतात. श्रमजन्य निःश्वासास चरकाने अधारणीय वेगांत गणले आहे, त्याचे या संदर्भात स्मरण होते.

श्वास किती वेगाने व किती खोल घ्यावा, याचा निर्णय रक्तातील वायूंवरून होतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतील आम्लता वाढते व लंबमज्जेतील रेट्रोट्रॅपेझॉइड न्यूक्लियसच्या पेशी ती तत्काळ ओळखतात. प्राणवायू कमी झाल्याची सूचना कंठप्रदेशातील कॅरोटिड बॉडी देते. तिच्या कार्याच्या शोधासाठी हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. धमनीरक्तातील प्राणवायूचा दाब ६० मि.मी.च्या खाली गेल्यावर ही सूचना विशेष तीव्र होते. मूर्धा, कंठ व उर या तिन्ही स्थानांचा उल्लेख येथे आपोआप येतो. हे साधर्म्य लक्षणीय आहे. तथापि प्राणवायू व हे केंद्र एकच, असे म्हणण्याची घाई करू नये. प्राणवायूची संकल्पना त्याहून पुष्कळ व्यापक आहे.

अहिफेनाचा प्रभाव

लयनिर्मितीच्या या केंद्रातील अनेक पेशींवर ‘म्यू’ नावाचे ग्राही असतात. अहिफेनातील मॉर्फिन व कोडीन ही द्रव्ये त्यांवर कार्य करून त्या पेशींना शांत करतात. आंत्रातही हेच ग्राही असल्याने आंत्रगती मंदावते. कर्पूररसासारख्या कल्पाचे अतिसारातील स्तंभनकर्म व त्याच्या अतिमात्रेतील श्वासावरोध यांचे मूळ असे एकच आहे. झोपेच्या बहुतेक गोळ्या गाबाचे अवसादक कार्य वाढवितात. दोन्ही औषधे एकाच वेळी पोटात गेल्यास श्वासकेंद्रावर दुहेरी अवसाद पडतो. ज्यांच्या शरीरात जुन्या फुप्फुसविकारामुळे कार्बन डायऑक्साइड दीर्घकाळ साठलेला असतो, त्यांची त्याविषयीची संवेदना आधीच बोथट झालेली असते. अशा रुग्णांत धोका अधिक.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी जुना कास-श्वास असलेल्या एका वृद्ध गृहस्थांना अतिसारासाठी मी कर्पूररस अल्प मात्रेत दोन दिवसांपुरता दिला. गुण आला म्हणून घरच्यांनी तो दुकानातून चिठ्ठीविना आणून पुढेही चालू ठेवला. झोपेची गोळी ते दुसरीकडून घेत होते. ते मी विचारले नव्हते. पाचव्या रात्री मुलाचा दूरध्वनी आला, “बाबांना आज छान झोप लागली आहे, घोरत आहेत, पण हाक मारली तर ओ देत नाहीत.” मी पोहोचलो तेव्हा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि पूर्ण मिनिटात श्वास भरले अवघे सात. रुग्णालयात प्राणवायू व नॅलोक्सोन मिळाल्यावर ते शुद्धीवर आले. नॅलोक्सोनचा प्रभाव अहिफेनाच्या आधी ओसरू शकतो, म्हणून त्यांना पुढेही देखरेखीखाली ठेवावे लागले. ते वाचले, परंतु न विचारलेला तो एक प्रश्न मला आजही बोचतो.

व्यवहारात काय पाळावे?

१. प्रत्येक रुग्णाची नाडी पाहतो त्याचप्रमाणे श्वासही पूर्ण एक मिनिट मोजावेत. प्रौढात विश्रांतीच्या वेळी ते साधारणतः १२ ते २० असतात. प्राणवह स्रोतोदुष्टीत चरकाने श्वासाचे अतिसृष्ट, अतिबद्ध, अल्पाल्प असे जे भेद सांगितले, ते मोजल्याशिवाय व निरखल्याशिवाय कळत नाहीत.

२. अहिफेनयुक्त कल्प देण्यापूर्वी झोपेच्या गोळ्या, खोकल्याची कोडीनयुक्त औषधे व मद्य यांविषयी आवर्जून विचारावे. बालक, वृद्ध व श्वासरोगी यांत हे कल्प टाळावेत.

३. औषधालयचालकांनी स्मरणात ठेवावे की, अहिफेन हे औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ई-१ मध्ये समाविष्ट आहे. अशा आभ्यंतर औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत असणे आवश्यक असते. ती केवळ वेष्टनावर न राहता विक्रीच्या वेळी पाळली जावी. अफूवर १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचेही नियंत्रण आहे.

४. तंद्रा, मंद श्वास व आकुंचित बाहुल्या ही त्रयी दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. घेतलेल्या औषधाची डबी सोबत द्यावी.

अहिफेन हे युक्तीने वापरल्यास उपकारक असे द्रव्य आहे. ती युक्ती साधण्यासाठी मात्रा, काल व रुग्णबल यांबरोबर त्याच्या श्वासाची गणनाही आपल्या केसपेपरवर नोंदली जावी, एवढीच सर्व वैद्यबंधु-भगिनींना विनंती.