लहान दवाखान्यांतील विद्युत सुरक्षितता

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षास आग लागून १० बालके मृत्युमुखी पडली. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या सुरक्षा तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. परंतु ही दक्षता केवळ मोठ्या रुग्णालयांपुरती नसून प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि गावातील दंतचिकित्सालय यांनाही ती तितकीच लागू आहे.

दवाखान्यातील वीजवापर घरगुती वापराहून वेगळा असतो. रुग्ण अशक्त असतो, कधी बेशुद्ध असतो. झटका बसताच हात मागे घेण्याचे त्राण त्याच्या अंगी नसते. दंतचिकित्सेत तर ओल्या तोंडात उपकरण असते आणि खुर्चीपाशी पाणी व वीज एकत्र नांदतात. म्हणूनच राष्ट्रीय विद्युत संहितेत वैद्यकीय वास्तूंचा स्वतंत्र विचार केलेला आहे. आंतरराष्ट्रीय मानकांत अशा खोल्यांचे तीन गट पाडले आहेत. रुग्णाच्या शरीराला विजेचे उपकरण जोडले जात नाही तो पहिला, जोडले जाते तो दुसरा आणि शस्त्रक्रिया, हृदयोपचार यांसारख्या जीवनावश्यक उपचारांचा तिसरा. लहान दवाखान्यांतील बहुतेक उपचारकक्ष दुसऱ्या गटात मोडतात.

फ्यूज पुरेसा नाही

फ्यूज वा एमसीबी बसविली म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हा समज चुकीचा आहे. ६ अँपियरची एमसीबी तारेचे रक्षण करते. ६ अँपियर म्हणजे ६,००० मिलीअँपियर. ओल्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम धरल्यास २३० व्होल्टचा स्पर्श झाल्यावर सुमारे २३० मिलीअँपियर प्रवाह शरीरातून वाहतो. तो प्राणघातक ठरू शकतो, परंतु एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. याकरिता ३० मिलीअँपियर गळती होताच क्षणार्धात वीज तोडणारे आरसीसीबी हे साधन आवश्यक आहे. त्यावरील चाचणीची कळ दरमहा दाबून पाहावी.

भूसंपर्क आणि स्वतंत्र मंडले

प्रत्येक सॉकेटला हिरव्या-पिवळ्या तारेचा भूसंपर्क, म्हणजेच अर्थिंग, हवा. राज्याच्या बऱ्याच भागांत काळा पाषाण किंवा जांभा खडक असून उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते व भूसंपर्काचा रोध वाढतो. यास्तव त्याची मोजणी पावसाळ्यात न करता उन्हाळ्यात करावी.

लसींच्या शीतपेटीचे तापमान २ ते ८ अंश सेल्सियस राखावे लागते. तिचे विद्युत मंडल स्वतंत्र ठेवावे. अन्यथा पाणी तापविण्याच्या यंत्रात दोष उद्भवून सामाईक आरसीसीबी पडल्यास शीतपेटीही बंद पडते आणि लसी निकामी होऊ शकतात. निर्जंतुकीकरण यंत्रासारख्या मोठ्या भाराच्या उपकरणांनाही स्वतंत्र मंडल असावे. एकाच जोडपट्टीवर चार उपकरणे चालविणे हे आगीला निमंत्रण होय.

जबाबदारी कोणाची?

तारजोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे व त्याचा चाचणी अहवाल दप्तरी ठेवावा. उपकेंद्राच्या इमारतीची दुरुस्ती मंजूर करताना पंचायत सदस्यांनी रंगरंगोटीबरोबरच भूसंपर्क व आरसीसीबी यांची विचारपूस करावी. उपचारासाठी आलेला रुग्ण भिंतीतील तारा तपासू शकत नाही. त्याच्या वतीने ते काम व्यवस्थेनेच करावयाचे असते.