धरणाच्या पोटांतील पाझर व कांचेची तार

वर्धा नदीच्या कांठीं कौंडण्यपुरास राहणाऱ्यांस नदीचें महत्त्व सांगावयास नको. नदीच्या वरच्या अंगास, मोर्शी तालुक्यांत सिंभोरा येथें ऊर्ध्व वर्धा धरण असून त्यास मातीचा लांब भराव आहे. अशा धरणांखालीं ज्यांचीं घरें, शेतें व संत्र्याचे बगीचे आहेत, त्यांनीं मातीचा भराव आंतून कसा बिघडतो व तो बिघाड आधीं ओळखण्यास कोणतें नवें साधन निघालें आहे, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

मातीचें धरण थोडेंबहुत पाझरणारच. पायथ्याच्या चरांतून येणारें पाणी स्वच्छ व नेहमीच्या मापाचें असल्यास भय नाहीं. परंतु पाणी मातीचे कण वाहून नेऊं लागलें, म्हणजे आंत पोकळ वाट पडते. उंदराच्या बिळांत पाणी शिरून शेताचा बांध खचतो, तसाच हा प्रकार होय. बाहेर खूण दिसेपर्यंत आंतील पुष्कळ माती गेलेली असते.

ही वाट शोधण्यास आतां ऑप्टिकल फायबर, म्हणजे कांचेची तार, उपयोगांत आणतात. गांवोगांव इंटरनेट नेणारी तार याच जातीची. तिच्यांतील धागा मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाइतका जाड असतो. तारेच्या एका टोकांतून लेसर प्रकाशाचा क्षणिक झोत सोडला असतां त्याचा किंचित अंश प्रत्येक ठिकाणाहून मागें फिरतो. विहिरींत दिलेल्या हाकेचा प्रतिध्वनि किती वेळानें येतो यावरून खोलीचा अंदाज होतो. तसें प्रकाशाच्या परतण्याच्या वेळेवरून अंतर कळतें. कांचेंत प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. म्हणून १ किलोमीटरवरून परतण्यास त्यास सेकंदाचा एक लक्षांश पुरतो.

परतणाऱ्या प्रकाशापैकीं कांहींचा रंग पालटलेला असतो. हा परिणाम सर चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं १९२८ सालीं कलकत्ता येथें दाखविला. त्यांतील एक अंश कांच जितकी उष्ण, तितका वाढतो. त्यामुळें एकच तार मीटर-मीटरवर ठेवलेल्या उष्णतामापकांचें काम करते.

आतां उष्णतेवरून पाणी कसें सांपडतें? जलाशयाचें पाणी ऋतूप्रमाणें तापतें व निवतें. भरावाच्या पोटांतील मातीची उष्णता मात्र फारशी बदलत नाहीं. जेथें पाणी शिरतें, तेथें ऋतूचा फरकही शिरतो. दोहोंची उष्णता सारखी असेल, तेव्हां तारेसोबतच्या तांब्याच्या तारेंतून वीज सोडून ती किंचित तापवितात. वाहतें पाणी असेल ती जागा थंड राहते.

या साधनास मर्यादाही आहेत. जेथें तार पुरली नाहीं, तेथील कांहीं कळत नाहीं. बांधकाम चालू असतांनाच ती घालणें सर्वांत सोयीचें. शिवाय तार सूचना देते, गळती बुजवीत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील तिवरे धरण २ जुलै २०१९ रोजीं रात्रीं फुटलें व अनेक माणसें दगावलीं. त्या गळतीविषयीं गांवकऱ्यांनीं आधींच तक्रार केली होती, असें त्या वेळीं वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालें. तेथें खूण दिसली नव्हती असें नाहीं. दिसलेल्या खुणेची वेळेवर दखल घेतली गेली नाहीं.

म्हणून शेतकरी बंधूंनीं भरावाच्या पायथ्याशीं गढूळ पाझर, नवी दलदल किंवा खचलेली जागा दिसतांच तारीख व ठिकाण लिहून पाटबंधारे कचेरींत अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी. तोंडी सांगितलेलें दप्तरांत उरत नाहीं.