प्रकाशाची खूण जपणारी बहुवारिके

कला शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्राच्या अंगणात कशाला शिरावे, असे काही वाचकांना वाटेल. पण आपण ज्या साहित्याचा अभ्यास करतो, ते आपल्या हाती देणारी छपाई याच रसायनाची ऋणी आहे. म्हणून हा छोटासा प्रयत्न.

बहुवारिक म्हणजे असंख्य लहान रेणू जोडून झालेली लांब साखळी. कापूस, रेशीम, प्लॅस्टिक ही सारी बहुवारिकेच होत. काही बहुवारिकांची रचना प्रकाश पडताच बदलते; त्यांना प्रकाशसंवेदी म्हणतात.

यामागची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास धातूच्या पत्र्यावर एका नैसर्गिक डांबराचा लेप दिला व खिडकीतून दिसणारे दृश्य त्यावर पाडले. उजेड पडला तेथे लेप घट्ट झाला; उरलेला तेलाने धुऊन निघाला. कॅमेऱ्याने टिपलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र ते हेच.

पुढे अमेरिकेत कोडॅक कंपनीतील लुई मिन्स्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिव्हिनिल सिनॅमेट हे बहुवारिक या कामासाठी घडविले. १९५४ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. यातील सिनॅमिक आम्लाचे नाव दालचिनीवरून पडले आहे. अतिनील किरण पडले की शेजारच्या दोन साखळ्यांत चार कार्बन अणूंचे कडे तयार होते. सुटे दोरे गाठी मारून जाळे व्हावे, तसा हा प्रकार. जाळे झालेला भाग द्रावणात विरघळत नाही. बाकीचा वाहून जातो. याउलट, उजेड पडलेला भागच विरघळावा असेही लेप असतात. ऑफसेट छपाईच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर दोन्ही प्रकार वापरले गेले आहेत.

येथे एक प्रश्न उरतो: कोणताही प्रकाश चालतो का? नाही. पदार्थ जो प्रकाश शोषून घेतो, त्यानेच तो बदलतो. म्हणून अतिनील व निळ्या प्रकाशाला संवेदी असलेले लेप पिवळ्या दिव्याखाली निर्धास्त हाताळता येतात. दंतवैद्य दात भरताना निळा दिवा धरतात, कारण त्या मिश्रणातील एक घटक सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि मग साखळ्या जुळू लागतात. प्रकाश खोलवर जाताना क्षीण होतो. म्हणून खोल खड्डा साधारण २ मिलिमीटरच्या थरांनी भरतात. संगणकाच्या चिपवरील रेषाही अशाच लेपांवर उमटवतात. रेषा जितकी बारीक, तितकी तरंगलांबी लहान हवी. आज ती १३.५ नॅनोमीटरपर्यंत खाली आली आहे.

मला यात आपल्या अभ्यासाशी जवळचे नाते दिसते. ज्याचा क्षय होत नाही ते अक्षर, असे आपण म्हणतो. प्रकाश क्षणात निघून जातो. त्याची खूण राखण्याचे काम हे लेप करतात. विज्ञान आणि वाङ्मय यांच्या वर्गखोल्या वेगळ्या असतील. पण पुस्तकाचे पान छापताना दोघांची गाठ पडते, एवढे तरी आपण ओळखले पाहिजे.