ऊन पडलं की पुस्तक मागे पडतं

इंदूरला बर्फ पडत नाही. पण हिमालयात बर्फ पडून गेलं की उत्तरेचं वारं माळव्याच्या पठारावर उतरतं आणि घरातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. थंडीची लाट आली की कलेक्टरच्या आदेशाने शाळा उशिरा भरतात, कधी लहान वर्गांना सुट्टीच मिळते. अशाच एका जानेवारीत आमच्या दुसरीतल्या लेकीला मराठी वाचायची गोडी लागली. बाहेर सोडत नव्हतो, म्हणून ती आणि आजी एकाच रजईत. आजी पानभर वाचायची, ही एखादी ओळ. घरात सगळ्यांनाच वाटलं, सवय लागली.

मग वारं फिरलं. ढग आले, मावठ्याच्या दोन सरी पडल्या, रात्रीचा गारठा उतरला आणि गच्चीवर छान ऊन यायला लागलं. संक्रांतीचे पतंग, गल्लीत गिल्ली-डंडा. पुस्तक रजईतच राहिलं. तेव्हा घरात नियम झाला: आधी दोन पानं, मग गच्ची. त्यामागे प्रेमच होतं. पण आठवडाभरात लेक पानं नुसती उलटू लागली. काय वाचलंस म्हटलं की चित्र बघून अंदाजाने सांगायची. पुढे तर पुस्तक हातात दिलं की तोंड फिरवायची. थंडीत जे सुख होतं, ते उन्हात जकात होऊन बसलं होतं.

म्हणून लहान मुलं असलेल्या प्रत्येक घराला माझं कळकळीचं सांगणं आहे: पुस्तकाला खेळाची किंमत करू नका. जे भरल्याशिवाय पतंग मिळत नाही, त्याचा मुलांना राग येणारच. आमच्याकडे नियम गेला आणि आजी पुस्तक घेऊन गच्चीवर गेली. उन्हात बसून हरभरा सोलायचा आणि मधूनमधून मोठ्याने वाचायचं. कुणाला बोलवायचं नाही. पतंग कटला, तहान लागली की लेक जवळ यायची, दोन मिनिटं ऐकायची, पळायची. ती दोन मिनिटं पुरेशी असतात. अशा वेळी जाड पुस्तक काढू नये, एका बैठकीत संपणारी गोष्ट घ्यावी.

थंडी एकदाच जात नाही, हेही ध्यानात ठेवा. ढग आले की रात्री उबदार होतात आणि ते पुढे सरकले की उत्तरेचं वारं परत सुटतं. अर्धवट राहिलेलं पुस्तक त्या दिवसांसाठी खूण घालून ठेवावं. ‘अजून संपलं नाही?’ असं विचारू नये.

इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक अडचण असते. शाळा हिंदीची नाहीतर इंग्रजीची. देवनागरी येते, त्यामुळे मूल मराठी वाचू शकतं असा आपला समज होतो. अक्षरं ओळखीची असतात, आवाज नसतात. ‘चंद्र’ आणि ‘चाक’ यांतला च वेगळा, हे छापलेल्या अक्षरावरून कळत नाही, ते कानावर पडावं लागतं. ळ तर मूल सरळ ल करून टाकतं. इथे दर ओळीला थांबवून सुधारत बसलात तर गोष्ट मरते. वाचू द्यावं, आणि नंतर तेच पान आपण स्वच्छ वाचून दाखवावं. कान आपोआप तयार होतो. आमच्याकडे तो असाच झाला.

आणि हिंदीला शत्रू मानू नका. माळव्यात वाढलेल्या मुक्तिबोध बंधूंपैकी गजानन माधव हिंदीतले थोर कवी झाले आणि शरच्चंद्र मराठीतले. घर एकच, मराठी बोलणारं. मूल हिंदी गोष्टीत रमलं असेल तर रमू द्यावं. वाचणारं मूल मराठीकडे आणणं सोपं, न वाचणारं कठीण. या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं भरली, त्याचा मला अभिमान आहे. पण आजची मुलं मराठी वाचतील की नाही, ते घरातच ठरणार आहे.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे हळदीकुंकवं चालतात. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटण्याऐवजी मुलांची पुस्तकं लुटावीत. पाच-सहा वर्षांच्या मुलांना माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मधली छोटी पुस्तकं द्यावीत, कारण त्यांतली माणसं घरातल्यासारखी बोलतात. थोड्या मोठ्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा पोरगा इंदूरच्या मुलांना अनोळखी असला तरी त्याची सायकल ओळखीची असते. पैशांची ओढाताण असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. ते १९७१ पासून निघतं आणि जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. एकेक गोष्ट छापून घ्यावी. कागद गच्चीवर नेता येतो, चुरगळला तरी कुणी रागावत नाही. आणि दुपारचं ऊन असेल तेव्हा मुलांना १८५४ पासूनच्या इंदूर जनरल लायब्ररीत घेऊन जावं. तिथे पुस्तक त्यांचं त्यांना निवडू द्यावं, मग ते आपल्याला कितीही सोपं वाटो.